दगडू का चवताळला?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. ओहायोत थंडी अजून रेंगाळत होती. स्वेटरच्या बाह्या वर सरकवून मी बेसमेंटमध्ये दगडूच्या पाण्याची परात उचलायला त्याच्या काचेच्या दाराच्या खोलीत हात घातला. रोजचंच काम, त्यामुळे लक्ष निम्मं फोनवर. आधी आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ दबून सुटते, तसा. मग परातीच्या काठावर फाडकन शेपटी बसली, पाणी उडालं, आणि मी हात मागे घेते तोवर साडेतीन फुटांचा तो प्राणी चारही पायांवर ताठ उभा राहून, अंग आडवं वळवून, तोंड उघडून माझ्याकडे बघत होता.

दगडू हा आमचा टेगू. मुलाने आणला तेव्हा वीतभर होता आणि दिवसभर दिव्याखाली दगडासारखा पडून असायचा, म्हणून हे नाव. मुलाच्या खांद्यावर बसून टीव्ही बघत तो मोठा झाला. ऑगस्टमध्ये मुलगा कॉलेजला गेला. डॉर्ममध्ये असले पाहुणे चालत नाहीत, तेव्हा दगडू माझ्या वाट्याला आला. आठ महिने काहीही कुरबुर नव्हती आणि त्या दिवशी हे.

"गरीब होता हो अगदी, अचानक काय झालं कोण जाणे!" टेगू पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतं. पुढच्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते असं, की यातलं 'अचानक' हे आपल्या बाजूचं असतं. प्राण्याने आधी बरंच काही सांगितलेलं असतं. ते कोणत्या क्रमाने वाचायचं, हे इथे मांडते आहे.

हा घोरपड नव्हे

सासूबाईंनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर दगडूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, घोरपड कशाला पाळलीत?" चूक त्यांची नाही. लांब मान, दुभंगलेली जीभ, जाडजूड शेपटी, डुलत चालणं, सगळं तसंच. दोघंही जमिनीवर वासाच्या मागाने हिंडतात, किडे, उंदीर, अंडी जे मिळेल ते खातात. राहणी सारखी म्हणून बांधाही सारखा झाला, पण घराणी वेगळी. घोरपड आपल्याकडची, टेगू दक्षिण अमेरिकेतला. पाळला जातो तो बहुतेक वेळा काळा-पांढरा टेगू, शास्त्रीय नाव साल्वेटर मेरियानी. ब्राझीलमध्ये त्याला तेयू म्हणतात आणि अर्जेंटिनात लागार्तो ओवेरो, म्हणजे कबरा सरडा. नर सहज चार फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये टेगू लवकर माणसाळतो, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण माणसाळणं म्हणजे नेमकं काय, इथेच आपली गफलत होते. कुत्र्याचं माणसाळणं हजारो वर्षांत, पिढ्यान् पिढ्या मुरलेलं आहे. टेगूचं माणसाळणं त्या एकट्या प्राण्याचं, त्याच्या एकाच आयुष्यातलं. त्याने एक हिशेब बसवलेला असतो: हा वास, ही वेळ, हा उजेड, हा हात म्हणजे धोका नाही. यातली एखादी रक्कम बदलली की तो हिशेब नव्याने मांडतो. त्याच्या लेखी त्यात विश्वासघात वगैरे काही नाही. आपणही पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज तपासायची असते.

आधी दोन दिवस हात आवरा

चवताळलेल्या टेगूला त्याच क्षणी "सरळ" करायला जाऊ नये. धरून ठेवलं, दाबून धरलं, नाकावर टिचकी मारली तर एकच गोष्ट पक्की होते: हात म्हणजे संकट. दुसरी चूक याच्या उलट. त्याने फुसकारलं की आपण दरवेळी घाबरून पळालो, तर फुसकारलं की माणूस जातो, हेही तो लगेच शिकतो. मधला रस्ता असा: हात काढून घ्यायचा, दोन-तीन पावलं मागे सरकायचं, पण तिथेच, त्याला दिसेल असं शांत उभं राहायचं. त्याचा श्वास संथ झाला, तोंड मिटलं की मग सावकाश निघून जायचं.

पुढचे दोन दिवस उचलणं बंद. पाणी, खाणं आणि सफाई एवढंच. तेही एक मोठं प्लास्टिकचं झाकण ढालीसारखं मध्ये धरून. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, पायात बूट. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या खोलीत मज्जाव. आणि एक वही, किंवा फ्रिजवरचं कॅलेंडर. किती वाजता फुसकारला, मी काय करत होते, त्याआधी त्याने काय खाल्लं होतं, दिवा चालू होता की बंद. ही नोंद किती मोलाची ठरली ते पुढे येईलच.

शरीराची पायरी-पायरी

टेगू चावण्याआधी पाच-सहा पायऱ्या चढतो. पहिली पायरी म्हणजे स्तब्धता: आपण जवळ येताच चालता चालता थांबणं, अंगाला पाटीसारखं चपटं करणं. दुसरी श्वासाची: बरगड्या फुगतात आणि नाकातून मोठा सुस्कारा येतो. तिसरी शेपटीची: टोक मांजरासारखं वळवळतं किंवा अख्खी शेपटी धनुष्यासारखी बाजूला ताणली जाते. चौथ्या पायरीवर तो पायांवर उंच होऊन अंग आडवं धरतो, म्हणजे आहे त्याहून मोठा दिसतो. मग उघडं तोंड, मग शेपटीचा फटका, आणि सगळ्यात शेवटी चावा.

माझ्यापुरतं बोलायचं तर पहिल्या दोन पायऱ्या मी मार्चपासून रोज बघत होते आणि "आज आळसावलाय" म्हणून सोडून देत होते. चौथीवर पोचला तेव्हा मला ते अचानक वाटलं. शिवाय, पहिल्या पायऱ्यांवर सांगून काही उपयोग होत नाही असं प्राण्याच्या लक्षात आलं, तर पुढे तो त्या गाळून थेट वरच्या पायरीवर जायला लागतो. म्हणून सुस्काऱ्याला शिक्षा करू नये. सुस्कारा म्हणजे त्याने दिलेली सवलत आहे.

भूक की भीती?

पहिला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर जिभेत असतं. टेगू जिभेने हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या अवयवाकडे पोचवतो. त्याचा वास घेणं बव्हंशी असं चालतं. रमतगमत फिरणारा टेगू जीभ सावकाश बाहेर काढतो, जमिनीला लावतो, आत घेतो. भुकेला टेगू जीभ भराभर लपलपवतो, मान खाली घालून, नजर रोखून, पाय न वाजवता सरळ आपल्या हाताकडे येतो. फुसकारत नाही, फुगत नाही. या दुसऱ्या प्रकारात राग अजिबात नसतो. आपण चिकन चिरून आलेले असतो, हाताला वास असतो आणि त्याला जेवणाची वेळ झाली असं वाटतं. पण हा चावा सगळ्यात वाईट, कारण तो इशारा म्हणून नसतो, खाण्यासाठी असतो. धरतो आणि सोडत नाही.

उपाय साधा आहे. जवळ जाण्याआधी बिनवासाच्या साबणाने हात धुवायचे. हाताने भरवायचं नाही. लांब चिमट्याने किंवा ठरावीक थाळीत द्यायचं. आणि दार उघडलं की दरवेळी खाणंच येतं, अशी सवय लावायची नाही. दहा वेळा दार उघडावं, त्यात खाणं दोनदा असावं.

दगडू भुकेला नव्हता. जीभ आत होती, अंग फुगलेलं होतं. म्हणजे पुढचा प्रश्न.

ऋतू आणि वय

दगडू पावणेतीन वर्षांचा होता आणि हा त्याचा तिसरा वसंत. टेगू साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वयात येतो. हिवाळ्यात कित्येक महिने तो बिळात निपचित पडून राहतो. अन्न जवळजवळ बंद, हृदय मंद. घरात उबेत ठेवला तरी पुष्कळ टेगू ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आपणहून मातीत शिरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर येतात. बाहेर येतो तो नर वेगळाच असतो. वृषणं कामाला लागलेली, रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. जबड्याखालचे स्नायू फुगून गालांच्या पिशव्या लोंबू लागतात. जंगलात याच दिवसांत नर एकमेकांशी भिडतात, चावतात, मादीसाठी आणि हद्दीसाठी.

या काळात टेगूच्या शरीरात किती उलथापालथ होते याचा एक नामी पुरावा आहे. एरवी सरडा म्हणजे बाहेरच्या उन्हावर तापणारा प्राणी. पण 2016 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या विज्ञानपत्रिकेत कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाचे ग्लेन टॅटरसॉल आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की प्रजननाच्या दिवसांत रात्री आणि पहाटे, ऊन नसतानाही, टेगूचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंश सेल्सिअसपर्यंत जास्त गरम राहू शकतं. म्हणजे काही आठवडे हा सरडा आतून पेटलेला असतो. अशा दिवसांत त्याने परातीवरून कुरकुर केली तर नवल नाही.

ऋतूचा हा जोर कायमचा नसतो. साधारण काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत ओसरतो. तोवर कमी हाताळायचं, दिनक्रम जराही बदलायचा नाही, आणि दुसऱ्या टेगूचा वास, दुसऱ्याच्या घरातली माती, त्याच्यासाठी वापरलेले हातमोजे, हे काही जवळ आणायचं नाही.

मादी असेल तर

मादीचं कारण बहुधा घरटं. जंगलात ती पानं, गवत, माती ओढून मोठा ढीग रचते, त्यात वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त अंडी घालते आणि ती राखत बसते. पाळलेली मादी नराशिवायसुद्धा अफळ अंडी घालू शकते. एरवी शांत असलेली मादी एका कोपऱ्यात पाचोळा ओढायला लागली, खणायला लागली, तोंडात काड्या धरून फिरायला लागली, आणि त्या कोपऱ्याजवळ हात जाताच तुटून पडली, तर तिला बिनधास्त खणता येईल अशी खोल, दमट माती द्यायची आणि तिथे हात घालायचा नाही. पण ती सारखी खणते आहे, अंडी येत नाहीत, खाणं सुटलं आहे, मरगळ आली आहे, अशी लक्षणं एकत्र दिसली तर वाट बघू नये. अंडी अडकणं जिवावर बेततं. थेट डॉक्टर.

दुखतंय का?

सरपटणारे प्राणी दुखणं लपवतात. लंगडणं, कण्हणं असलं काही दिसत नाही, दिसतो तो फक्त तिरसटपणा. म्हणून ऋतू सापडला तरी ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये. मी दगडूला तपासून घेतलं ते या यादीने: बोटांभोवती जुन्या कातडीचे दोऱ्यासारखे वेढे राहिलेत का (कात नीट सुटली नाही की ते आवळतात आणि बोट सुजतं), तोंडाच्या कडेला पू किंवा लाली आहे का, पोटाखाली भाजल्याच्या खुणा आहेत का, जबडा रबरासारखा मऊ लागतोय किंवा पाय थरथरतायत का. शेवटची दोन लक्षणं कॅल्शियमच्या कमतरतेची. त्यात हाडं ठिसूळ होतात, आणि अशा प्राण्याला उचलणं म्हणजे मोडलेल्या हातावर थोपटणं.

मग डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे नव्हेत, सरपटणारे प्राणी बघणारे. त्यांनी शी तपासायला घेतली, जंत बघितले, एक्स-रे काढला. दगडू ठणठणीत निघाला. निम्मा खर्च फुकट गेला असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही, कारण "दुखत नाही" हे पक्कं कळल्याशिवाय पुढचं सगळं शिकवणं म्हणजे दुखणाऱ्या प्राण्याला शिस्त लावणं.

घर तपासा

प्रौढ टेगूला निदान आठ फूट बाय चार फुटांची जागा लागते, खाली पूर्ण अंग पुरेल इतकी खोल, ओलसर माती किंवा लाकडाचा भुसा, आणि डोकं खुपसायला एक तरी अंधारी जागा. ही लपण्याची जागा नसेल तर पळून जाणं हा पर्यायच त्याच्यापुढे उरत नाही. मग तो लढतो.

उन्हाच्या दिव्याखालच्या दगडाचं तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, थंड बाजूचं चोवीस ते सत्तावीस, हवेतली आर्द्रता सत्तर ते ऐंशी टक्के. पन्नास ऐकून दचकू नका; तो त्यावर चार मिनिटं तापतो आणि उठून जातो. हे मोजायला कारखान्यात वापरतात ती टेंपरेचर गन आणा. कोविडात कपाळावर रोखायचे ती गन इथे भरवशाची नाही, तिचा आवाका तापापुरता. अतिनील किरणं देणारी यूव्हीबीची नळी उजेड देते म्हणजे काम करते असंही नाही. उजेड तसाच राहतो, यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, म्हणून ती साधारण वर्षाने बदलायची. दगडूची नळी बदलायला झालीच होती. बदलली. फरक पडला नाही.

आणि इथे ती फ्रिजवरची नोंद कामाला आली. दहा दिवसांत नऊ वेळा तो भडकला होता आणि त्यातल्या आठ वेळा संध्याकाळी सातनंतर. सकाळी मी दोनदा त्याच्या पाठीजवळून परात काढली होती, त्याने जीभसुद्धा हलवली नव्हती. प्राणी तोच, हात तोच. संध्याकाळी काय बदलत होतं?

त्या रात्री मी बेसमेंटच्या पायरीवर अंधारात बसून राहिले. दगडूच्या खोलीतला दिवा चालू होता. साडेसातला तो मातीतून बाहेर आला, दोन पावलं चालला आणि थबकला. फुगला. आडवा झाला. पण मी त्याच्या उजवीकडे होते आणि तो बघत होता समोर, काचेच्या दाराकडे. दुसऱ्या दिवशी मी फोन व्हिडिओवर लावून आत, त्याच्याच उंचीवर ठेवला आणि नंतर तो व्हिडिओ बघितला. काचेत दुसरा टेगू उभा होता. गाल फुगवलेला, आडवा, तोंड उघडलेला.

रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की खिडकीत बाहेरचं काही दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. तसंच होतं हे. आत उजेड, बाहेर अंधार, की काचेचा आरसा होतो. वयात आलेल्या नराला रोज संध्याकाळी आपल्याच घरात एक तगडा प्रतिस्पर्धी भेटत होता आणि तो कितीही फुसकारलं तरी हटत नव्हता. मी परात बदलायला पोचत होते ती त्या भांडणाच्या मध्यावर.

पण मग आधीच्या वर्षी असं का झालं नाही? एक तर तेव्हा तो वयात यायचा होता. आणि दुसरं माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. काचेसमोरच्या कोपऱ्यात मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे. तो रात्री उशिरापर्यंत तिथे दिवा लावून बसायचा, त्यामुळे बाहेरही उजेड असायचा. तो गेला, टेबलावरचा दिवा बंद झाला, आणि काचेचा आरसा झाला. हिवाळाभर दगडू मातीत होता, त्याला ते दिसलंच नाही.

मी काचेच्या खालच्या दीड फुटावर दुधी रंगाचा चिकटकागद लावला आणि टेबलावरचा दिवा रोज, दगडूचा दिवा मालवेपर्यंत, चालू ठेवायला लागले. चार दिवसांत संध्याकाळचं तांडव थांबलं. प्रत्येकाच्या घरात काचच असेल असं नाही. कुणाकडे नवीन कुत्रा असतो, कुणाकडे फर्निचर हललेलं असतं, कुणी घर बदललेलं असतं. शोधायची रीत मात्र हीच: कधी होतं, कुठे बघतो, काय नवीन आहे.

पुन्हा ओळख

कारण सापडलं म्हणजे हात पुन्हा विश्वासाचा झाला, असं होत नाही. त्या भांडणांमध्ये माझा हात दहा वेळा आला होता आणि त्याच्या हिशेबात तो शत्रूच्या खात्यावर जमा झाला होता. ते खातं सावकाश फिरवावं लागतं.

पहिला आठवडा: रोज एकाच वेळी खोलीसमोर जमिनीवर पंधरा मिनिटं बसायचं. पुस्तक वाचायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. दिवसभर अंगात घातलेला जुना टी-शर्ट त्याच्या लपायच्या जागेत ठेवायचा, म्हणजे आपला वास झोपेशी जोडला जातो.

दुसरा-तिसरा आठवडा: काठी. फुटभर काठीच्या टोकाला लाल चेंडू लावायचा. चेंडूला नाक किंवा जीभ लागली की लगेच चिमट्याने एक घास, उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा ब्लूबेरी. दिवसाला पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. चार-पाच दिवसांत चेंडूमागे चालत यायला लागतो. याचा फायदा असा, की त्याला एका जागेहून दुसरीकडे न्यायला हात लागत नाही, आणि चेंडू दिसला तरच खाणं, हात दिसला म्हणजे खाणं नाही, हे त्याच्या डोक्यात स्वच्छ होतं.

चौथ्या आठवड्यापासून हात. वरून कधीही नाही. वरून येतो तो ससाणा. बाजूने, त्याला दिसेल असा, पालथा, जमिनीवर ठेवलेला. त्याने येऊन जीभ लावली आणि गेला, तर तेवढंच पुरे. उचलायची वेळ येईल तेव्हा एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांमध्ये, पूर्ण भार तोलून. शेपटीला धरायचं नाही. ती तुटू शकते, आणि पुन्हा आली तरी पहिल्यासारखी येत नाही. आणि तो शांत असतानाच खाली ठेवायचं, वळवळायला लागण्याआधी.

चावलाच तर

टेगू विषारी नाही. पालीपासून घोरपडीपर्यंत सगळ्यांना विषारी ठरवायची आपल्याला हौस आहे, तेव्हा हे सांगितलेलं बरं. रेबीजही नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग. भीती आहे ती जबड्याची. पुढचे दात धारदार, मागचे वयानुसार बोथट आणि चिरडणारे, आणि मध्ये बोट सापडलं तर हाड मोडू शकतं. चावल्यावर हात हिसडून ओढला तर दातांनी मांस फाटतं. म्हणून अवघड वाटलं तरी हात स्थिर ठेवायचा आणि त्याचे पाय जमिनीवर टेकवायचे. पायाखाली जमीन आली आणि पळायला वाट दिसली की बहुतेक वेळा तो सोडतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं: धनुर्वाताचं इंजेक्शन, टाके, अँटिबायोटिक काय लागेल ते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, तेव्हा न चावतासुद्धा दरवेळी हात धुणं आलंच. घरात लहान मूल किंवा फार वयस्कर माणूस असेल तर जास्तच.

नको झाला म्हणून

चवताळलेला टेगू जंगलात सोडून देणं हा उपाय नाही. फ्लोरिडात हेच झालं. पाळलेले आणि सुटलेले टेगू तिथे इतके माजले की ते ॲलिगेटरच्या घरट्यातली अंडीसुद्धा फस्त करतात. 2021 मध्ये राज्याने त्यांना बंदी घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. भारतात टेगू पाळणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: टेगू वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर, 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि सासूबाईंची घोरपड तर त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणंच गुन्हा. सांभाळणं खरोखर अशक्य झालं तर डॉक्टरांच्या मदतीने जाणता पाळणारा किंवा निवारा शोधायचा.

मेच्या मध्यावर मुलगा घरी आला. बॅग दारात टाकली आणि सरळ बेसमेंटमध्ये. मी मागोमाग उतरले तेव्हा त्याच्या टेबलावरचा दिवा चालू होता आणि तो दार सरकवून, जुन्या ओळखीच्या भरवशावर, वरून हात घालत होता. दगडूने अंग चपटं केलं. बरगड्या फुगल्या. कुकरची वाफ सुटली.

"आई, हा मला विसरला?"

"हात काढ आधी," मी म्हटलं, "आणि खाली बस."